ओझं उतरवायची जागा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, दुल्पोला, 'नाही' म्हणता येत नाही. तेओदुल्फो हे त्याचं चर्चच्या वहीतलं नाव, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री हाक मारतो. एकदा त्याने एकाच सोमवारी आपला रेडा तिघांना नांगरायला देऊ केला होता. तिघंही पहाटे दारात उभे आणि हा परसात केळीच्या आड. शेवटी माझी बहीण सालिंग बाहेर आली, तिने तिघांना कॉफी पाजली आणि रेडा कुणालाच दिला नाही. गावातल्या एकतीस पोरांचा तो धर्मपिता आहे, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी कुणी विचारलं की हा मान डोलावतो. नाताळात ती एकतीस पोरं भेट मागायला येतात, तेव्हा पुन्हा केळीच्या आड.

असला माणूस लोकांना डोंगरावर नेतो. मालिंदायवर चढायला मनिलाहून बोटीने पाव्हणे येतात, त्यांचा तो वाटाड्या. मी ओझं वाहते आणि स्वयंपाक करते. मी लुमिन. तांबुलिग गावात पाठीवर तांदूळ, भांडी आणि तंबू घेऊन चढणाऱ्या बायका तिघीच, त्यात सगळ्यात जुनी मी.

दुल्पोचा एक शब्द अख्ख्या बेटाला माहीत आहे. पाव्हण्याने धापा टाकत विचारलं, की अजून किती लांब, तर तो हसून म्हणतो, "आलंच." ओढ्यापाशी आलंच, जळवांच्या रानात आलंच, माथा ढगात दिसेनासा झाला तरी आलंच. आमच्याकडचे सगळेच वाटाडे असं म्हणतात, नाही असं नाही. दमलेल्या पाव्हण्याला तीन तास राहिलेत म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. पण बाकीचे दिवसातून चारदा म्हणतात, आणि दुल्पो श्वास घेतो तसं म्हणतो.

पायथ्याशी नोंदणीच्या टपरीजवळ एक फळा आहे. मनिलाच्या कुठल्याशा गिर्यारोहण मंडळाने तो लावला. त्यावर लिहिलंय, अवघडपणा नऊपैकी सात. हा सात कुठून आला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मंडळाची माणसं दुल्पोला विचारत होती, की तुम्ही रोजचे जाणारे, तुम्हीच सांगा नऊपैकी किती. शेजारी कप्तान, म्हणजे आमच्या गावचा पुढारी, उभा. नऊ म्हटलं तर पाव्हणे यायचे नाहीत म्हणून कप्तानाचं तोंड उतरणार. पाच म्हटलं तर एवढं खरचटून आलेल्या मंडळाचं उतरणार. दुल्पोने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, सात. ते त्यांनी रंगवून टाकलं.

आम्हा ओझंवाल्यांचं मोजमाप वेगळं. आमच्याकडे कड्याच्या वाटेचे तीन प्रकार. पहिली बोलायची जागा. पाठीवर तांदळाची गोणी असली तरी मागच्याशी गप्पा चालू राहतात. दुसरी गप्प बसायची जागा, तिथे हात लावावे लागतात आणि बोलणं आपोआप थांबतं. तिसरी ओझं उतरवायची जागा. तिथे ओझं पाठीवरून काढायचं, मोकळ्या अंगाने पलीकडे जायचं आणि ओझं मागून दोरीने ओढून घ्यायचं. कुठली जागा कुठली, हे नव्या माणसाला कुणी शिकवत नाही. पुढचा गप्प झाला की आपण गप्प व्हायचं, पुढच्याने ओझं उतरवलं की आपण उतरवायचं. पुढे दुल्पो असला की मात्र पंचाईत, कारण तो कधी गप्प बसतच नाही.

माथ्याकडे जाताना खडकाचे सात सुळके लागतात. त्यांना आम्ही दात म्हणतो. चौथ्या आणि पाचव्या दाताच्या मधली फट ही अख्ख्या मालिंदायवर एकच ओझं उतरवायची जागा. चौथ्या दातावरून गुळगुळीत दगडावर बसून दोन माणसांच्या उंचीइतकं खाली घसरत जायचं. खाली तीन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढाच कोनाडा. तिथून उजवीकडच्या भिंतीला पोट लावून आडवं सहा पावलं चालायचं, की रुंद सज्जा येतो. सज्ज्यापासून पुढे पुन्हा गप्पा. सहा पावलांत डावीकडे काही नाही. खाली ढग असले तर ढग, नसले तर झाडांचे शेंडे. आणि एकदा घसरून आलं की तो गुळगुळीत दगड परत चढता येत नाही. परतीची वाट पाचव्या दाताच्या पलीकडून वेगळी आहे.

माझा नवरा बेनितो तिसऱ्या पावलावरून गेला. त्याला आता साडेबारा वर्षं झाली. पाठीवर ओझं होतं, उतरवलं नव्हतं. सापडला नाही, कारण त्या दरीत कुणाला उतरता येत नाही. म्हणून एक नोव्हेंबरला, सगळं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावत असतं तेव्हा, मी वर जायचे. सहा पावलं ओलांडून सज्ज्यावर मेणबत्ती लावायची, केळीच्या पानातला गोड चिकट भात ठेवायचा आणि त्याला शिव्या घालायच्या. ओझं उतरवायला हात तुटले होते का तुझे? कुणाला दाखवायचा होता मोठेपणा? गावात सगळ्यांना माहीत असलेली एकच जागा, आणि तिथे हा बढाईखोर गोणी घेऊन चालत गेला, असं मी धरून चालले होते. मेलेल्याशी असं बोलू नये म्हणतात पाद्री. पाद्र्यांना चार पोरं वाढवायची नव्हती.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये मॅम मारिवीक आल्या. मनिलात गणित शिकवतात, वय सेहेचाळीस, एकट्याच. त्यांच्या पाठपिशवीत सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं, प्रत्येक पिशवीवर नाव. मनगटावर मोठं घड्याळ आणि गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी वही. फळ्यावरचा सात त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि म्हणाल्या, की मी सातचे दोन डोंगर केलेत, मग हरकत नाही. मला त्या बाई आवडल्या. पाणी स्वतःचं स्वतः उचलायच्या आणि भातात मीठ कमी पडलं तर सांगायच्या.

त्या दुल्पोला कुया म्हणजे दादा म्हणायच्या आणि मला आते म्हणजे ताई. पहिल्या दिवशी ओढ्यापाशी त्यांनी विचारलं, कुया दुल्पो, तंबूची जागा किती लांब? हा म्हणाला, अर्धा तास, आलंच. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. शेवाळाच्या रानात पुन्हा विचारलं, हा म्हणाला, एक वळण, आलंच. पुन्हा वहीत. मी मागून चालत होते. मला वाटलं बाई फुलांची नावं लिहितायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही चौथ्या दातावर होतो. वेळ मला माहीत आहे, कारण मॅमनी ती मोठ्याने वाचली. दुल्पो आधी घसरला, सहा पावलं ओलांडून गेला, सज्ज्यावरच्या खुरट्या झाडाला दोरी बांधली आणि आमची ओझी ओढून घेतली. मग तिकडून ओरडला, मॅम, फक्त खाली बसून घसरा, खाली उतरलं की आलंच. मॅम घसरल्या. त्यांच्यामागून मी. खाली पोचल्यावर त्यांनी उजवीकडे वळून ती सहा पावलं पाहिली, आणि भिंतीला पाठ लावून मटकन बसल्या.

मला वाटलं, श्वास घेतील आणि उठतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्या दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरून बसल्या होत्या. दुल्पोने पलीकडून दोरीचं टोक फेकलं, मी ते त्यांच्या कमरेला बांधलं. त्याने काही फरक पडला नाही. तो तिकडून म्हणत होता, "मॅम, सहाच पावलं. सोपं आहे. आलंच."

मॅमनी वही उघडली. आवाज अगदी शांत, वर्गात असतो तसा. म्हणाल्या, "कुया, हा शब्द तुम्ही कालपासून एकोणीसदा म्हणालात. एकदाही खरा निघाला नाही. आता तुम्ही सहा म्हणताय. ते सहा आहेत की साठ, मला कसं कळणार?"

सहाच होती. डोळ्यांसमोर दिसत होती. पण बाईंचा आता डोळ्यांवरही विश्वास उरला नव्हता. माणूस एकोणीसदा खोटं बोलल्यावर विसाव्यांदा खरं बोलला तर त्याचा काय उपयोग? त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, आते लुमिन, तुम्ही सांगा, कसं आहे ते.

आणि मी गप्प बसले. आमच्यात वाटाड्या बोलत असताना ओझंवाल्याने पाव्हण्यासमोर तोंड उघडायचं नसतं. वाटाड्याची लाज जाते, आणि हा तर घरचा जावई. शिवाय काय सांगणार होते? तिसरं पाऊल वाईट आहे, माझा नवरा तिथूनच गेला, असं सांगितलं तर त्या जन्मात उठल्या नसत्या. सोपं आहे म्हटलं असतं, तर दुल्पोत आणि माझ्यात फरक काय? इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हणाले, मॅम, भात खाऊन घ्या.

माझ्या कमरेच्या फडक्यात बांधलेला भात आम्ही खाल्ला. थंड भाताचे गोळे, सुकट, उकडलेली केळी. भात संपला. मग मॅमना लघवीला लागली, आणि तिथे जायला जागा कुठली? मी तोंड भिंतीकडे केलं, पलीकडे दुल्पोने पाठ फिरवली. बाई रडल्या ते तेव्हा. भीतीने नाही रडल्या, शरमेने रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण माझंही अंग आखडून गेलं होतं. डावा गुडघा ठणकत होता. तो दोन वर्षांपासून ठणकतो, हे मी घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

साडेबारा झाले. समुद्राच्या बाजूने ढगाचा एक पट्टा वर सरकायला लागला. मार्चमध्ये दोनच्या सुमाराला मालिंदायवर एक सर येतेच, आणि खडक ओला झाला की ती सहा पावलं दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत कुणाचीच नाहीत. मागे तो गुळगुळीत दगड. म्हणजे तिघंजण चोवीस तास असेच, दोघी कोनाड्यात आणि तो सज्ज्यावर. तंबू, पाणी, कपडे, सगळं त्याच्याकडे. मला वाटायला लागलं की हा खडक चारी बाजूंनी आवळत आणतोय. आणि तिकडून दुल्पो गोड आवाजात म्हणतोय, मॅम, घाबरू नका, काही नाही, आलंच.

माझं डोकं फिरलं. घरचा जावई आणि वाटाड्याची लाज, सगळं गेलं खड्ड्यात. मी ओरडले, "दुल्पो, मेल्या, जन्मात एकदा तरी खरं बोल. नाहीतर तिकडेच बस आणि आम्हाला इथे मरू दे."

तो गप्प झाला. इतक्या वर्षांत मी दुल्पोला कड्यावर गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. मग तो उठला आणि सहा पावलं परत चालत आला. कोनाड्यात तिसऱ्याला जागा होती, पण तो आत आला नाही. पहिल्या पावलावरच भिंतीला टेकून उकिडवा बसला आणि टोपी काढून हातात घेतली.

"मॅम," तो म्हणाला, "काल ओढ्यापाशी मी अर्धा तास म्हणालो. अडीच तास लागतात, मला माहीत होतं. रानात एक वळण म्हणालो, अकरा आहेत. रात्री म्हणालो, उद्याचं सोपं आहे. उद्याचं म्हणजे हे."

मॅमनी वही पाहिली. "दोन तास चाळीस," त्या म्हणाल्या. "वळणं अकराच. मग सांगितलं का नाहीत?"

"माणसाचं तोंड उतरतं. मला बघवत नाही."

"आणि फळ्यावरचा सात?"

"तोही माझाच."

"खरा किती?"

दुल्पोने विचार केला. "असा एक आकडा नाही, मॅम. मानांगला चार. मला पाच. तुम्हाला आज नऊ."

मानांग म्हणजे मी, तो मला थोरली म्हणून तसं म्हणतो. मॅमच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. बरं वाटल्यासारखं. त्यांनी पेन काढलं आणि म्हणाल्या, सहाही पावलं एकेक करून सांगा. त्याने सांगितली. पहिलं रुंद आहे, मी बसलोय तेच. दुसऱ्याला उजव्या हाताला भोक आहे, त्यात बोटं घालायची, पण बाजूच्या नेच्याला धरायचं नाही, तो उपटून येतो. तिसरं वाईट. तिथे अर्धाच तळवा मावतो, आणि डावा हात सोडून पुढे न्यावा लागतो. तेवढा वेळ तुम्ही एका हातावर आणि पोटावर असाल. पाय थरथरेल. माझा अजूनही थरथरतो. चौथ्याला दोन्ही हातांना धरायला आहे. पाचवं आणि सहावं पोरंसुद्धा चालतील. बाईंनी सगळं लिहून घेतलं, तिसऱ्याखाली रेघ मारली, आणि विचारलं, "तिथून कुणी पडलंय?"

दुल्पोने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. म्हणावं असंही वाटलं, कारण ढग जवळ येत होता.

"एकजण," तो म्हणाला. "मानांगचा नवरा. तिसऱ्यावर. पाठीवर ओझं होतं."

हे सगळं मला माहीत होतं. पण दुल्पो थांबला नाही. बांध एकदा फुटल्यावर पाणी कुणाच्या शेतात जाईल हे कोण बघतो? तो टोपीकडे बघत म्हणाला, "मी पुढे होतो. पाऊस येणार होता. त्याने मागून विचारलं, दुल्पो, ओझं उतरवू का? मी म्हणालो, कशाला, आलंच."

मी बसले होते तशीच बसून राहिले. उठून जाता आलं असतं तर गेले असते. त्याचं तोंड पुन्हा बघितलं नसतं, सालिंगच्या घराची पायरी चढले नसते. पण जाणार कुठे? मागे तो दगड, पुढे तो बसलेला, आणि डावीकडे, खाली, बेनितो. त्याने विचारलं होतं. अकरा वर्षं मी मेणबत्ती लावून त्या माणसाला बढाईखोर म्हणत होते, आणि त्याने विचारलं होतं.

मॅम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं असावं की हे मी पहिल्यांदाच ऐकलं. वही गळ्यात टाकली, भिंतीला धरून उठल्या आणि दुल्पोला म्हणाल्या, "चला. आता मला माहीत आहे कशाला घाबरायचं ते."

दुल्पो पुढे, दोरी त्याच्या हातात. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर बाई थांबल्या, गाल दगडाला चिकटलेला, डोळे मिटलेले. दुल्पो आलंच म्हणाला नाही. म्हणाला, "हे तिसरं. हेच वाईट. याच्यापुढे अजून तीन आहेत." बाईंनी डावा हात सोडला आणि पुढे नेला. मग चौथं. मग त्या सज्ज्यावर गुडघ्यांवर पडल्या आणि दगडालाच मिठी मारली.

मग माझी पाळी. ती पावलं मी शेकड्याने चालले असेन, पण त्या दिवशी तिसऱ्यावर वजन टाकलं आणि डावा गुडघा कटकन वाजला. वाळकी काटकी मोडते तसा. पाय मुडपला आणि मी एका हातावर राहिले. दुल्पो चौथ्यापर्यंत परत आला होता, हात पुढे केलेला. त्या हाताला मला शिवायचं नव्हतं. पण दुसरं धरणार काय होते? मी तो धरला. त्याने मला ओढून घेतलं, आणि आम्ही एकमेकांकडे न बघता सज्ज्यावर आलो. पहिला थेंब दोनला वीस कमी असताना पडला, असं मॅमनी नंतर सांगितलं.

खाली पोचल्यावर बोटीच्या धक्क्यावर मॅम म्हणाल्या, की कुया, हे सगळं आधी सांगितलं असतंत तर मी आलेच नसते. दुल्पो म्हणाला, म्हणून तर नाही सांगितलं, मॅम. त्या हसल्या. मी नाही हसले. घरी गेले, दार लावलं, आणि सालिंगशी सात महिने बोलले नाही. तिचा काय दोष? काही नाही. पण दुल्पोशी न बोलण्याने माझा राग पुरा होत नव्हता.

तो मात्र बदलला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची जिवंतपणी गेली. पाव्हण्याने किती लांब विचारलं की हा सांगायचा, चार तास, तुमच्या चालीने पाच. कुणाचे बूट बघून म्हणायचा, तुम्ही ओढ्यापर्यंतच चला. फळ्यावरच्या सातावर त्याने एक दिवस चुना फासला आणि खाली लिहिलं, वाटाड्याला आपले पाय दाखवून विचारा. कप्तान त्याच्या घरी येऊन ओरडून गेला. पाव्हणे हळूहळू दुसऱ्या वाटाड्यांकडे जायला लागले, ते अजून आलंच म्हणत होते. एका धर्मपुत्राच्या लग्नात हा नवरीच्या आईला म्हणाला, की डुकराचं मांस कच्चं राहिलंय. सालिंग माझ्याकडे रडत आली, म्हणाली, मानांग, ह्याला पहिल्यासारखा कर. त्यानंतर मी तिच्याशी बोलायला लागले. त्याच्याशी नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात वादळ आलं आणि वाट बंद झाली. मला घाई झाली होती. बेनितोला शिव्या देणं सोपं होतं, त्या परत घ्यायच्या होत्या, आणि ते काम दफनभूमीत दुसऱ्यांच्या मेणबत्त्यांमध्ये उभं राहून होण्यासारखं नव्हतं. एक वर्ष थांबले. गुडघ्याला नारळाचं तेल चोळलं, पाला बांधला, मुलगी म्हणाली चालणं कमी कर, तर मुद्दाम विहिरीच्या दोन खेपा जास्त केल्या. गावात कुणीही विचारलं, लुमिन, यंदा जाणार ना वर, की मी म्हणायची, जाणार म्हणजे काय. आणि सगळे म्हणायचे, जाशील ग, तुला काय झालंय.

या ऑक्टोबरच्या शेवटी मी दुल्पोच्या अंगणात गेले. तो वेताची टोपली विणत बसला होता. दीड वर्षात मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मला सहा पावलं ओलांडायची आहेत, येशील का सोबत?

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गुडघ्याकडे पाहिलं. मग उठला आणि मला घराच्या लाकडी पायरीवर उभं केलं. म्हणाला, उजवा पाय उचला. मी उचलला. म्हणाला, आता खांब सोडा. मी सोडला. डावा गुडघा तेवढाही टिकला नाही, आणि दुल्पोने मला बगलेत धरलं. हळूच पायरीवर बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसला.

"मानांग, चौथ्या दातापर्यंत याल," तो म्हणाला. "वेळ लागेल, पण याल. तिसरं पाऊल आता तुमचं नाही."

"यंदा नाही, का कधीच नाही?"

त्याचा चेहरा मला वाचता येतो. मला दिसत होतं की पुढच्या वर्षी बघू, हे त्याच्या ओठावर आलंय. आणि मला ते हवं होतं. देवाची शपथ, मला हवं होतं. ज्या शब्दापायी मी विधवा झाले तोच शब्द मी त्याच्याकडे मागत होते, त्याने एकदा आलंच म्हणावं, मानांग, बरा होईल पाय, म्हणावं.

"कधीच नाही," दुल्पो म्हणाला.

मी तिथेच रडले. तो उठून गेला नाही आणि समजूतही घातली नाही. सालिंग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि परत आत गेली. डोळे पुसून मी म्हणाले, "मग त्याची मेणबत्ती?"

"मी नेतो. तुम्ही सांगाल ते सांगतो. माझं मी वेगळं सांगेन."

एकतीस तारखेला सकाळी मी त्याच्याकडे मेणबत्ती आणि पानात बांधलेला भात दिला. ज्याच्या शब्दावर बेनितो गेला त्याच्याच हाती बेनितोचा भात. दुसरे हात होते गावात, पण ते जाऊन काय बोलले हे मला कधी खरं कळलं नसतं. मी दुल्पोला म्हणाले, "त्याला सांग, तू विचारलं होतंस हे मला कळलं. आणि अकरा वर्षं दिलेल्या शिव्या मी परत घेते. माडी पिण्याबद्दलच्या सोडून. त्या राहू देत."

त्याने ते माझ्यासमोर एकदा म्हणून दाखवलं, माडीसकट. मग पिशवी खांद्याला लावली.

"कधी येशील परत?" मी विचारलं.

त्याने समुद्राकडे पाहिलं, मग डोंगराकडे. "परवा दुपारी. पाऊस लागला तर तेरवा."

त्या रात्रीच पाऊस लागला. परवा मी त्याची वाट पाहिली नाही. तेरवा दुपारी चुलीवर एका माणसाचा भात जास्त टाकला. भात शिजून उतरवला तेव्हा तो अंगणात पाय धूत होता.